मशीनला कुलूप, किल्ली खिशात: लॉकआउट-टॅगआउट पायरी पायरीने

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि मेंटेनन्सवाल्यांचं खरं काम त्याच दिवशी असतं. उत्पादन बंद, शॉपमध्ये चार-पाच माणसं, संध्याकाळच्या आत मशीन उघडून परत बसवायचं. अशा गुरुवारी एक दृश्य मी वर्षानुवर्षं बघत आलोय: पॅनेलच्या हँडलला सुतळीने बांधलेला पुठ्ठा, त्यावर मार्करने 'काम चालू आहे', आणि फिटर कोपरापर्यंत मशीनच्या आत. विचारलं की ठरलेलं उत्तर, "साहेब, बंद केलंय की."

बंद केलंय हे खरंच असतं. हात बाहेर येईपर्यंत ते बंदच राहील, याची सोय मात्र कुणी केलेली नसते. ती सोय म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, शॉपच्या भाषेत लोटो. आता बऱ्याच ठिकाणी लाल कुलपं आली, टॅग आले, 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथही होते. तरी पायऱ्यांचा क्रम चुकतो, आणि जी पायरी जीव वाचवते तीच घाईत गाळली जाते. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणाला हवेच्या क्लचची पॉवर प्रेस (पत्र्यावर ठोका मारून त्याला आकार देणारं मशीन) घेतली आहे, कारण बोटं सर्वांत जास्त तिथेच जाताना मी पाहिली. पण क्रम कन्व्हेयर, मिक्सर, मोल्डिंग मशीन, सगळीकडे हाच.

## लोटो कधी लागतो

गार्ड (हलत्या भागावरचं संरक्षक कव्हर) काढायचा असेल, किंवा मशीन हललं तर सापडेल अशा जागी शरीराचा कुठलाही भाग जाणार असेल, तर लोटो. अडकलेला पत्रा काढणं, डाय (आकार देणारा साचा) पुसणं, सेन्सर सरळ करणं हे सगळं यात आलं. काम किती मिनिटांचं आहे याचा इथे संबंध नाही. पाच मिनिटांच्या कामालाच कुणी कुलूप लावत नाही, म्हणून तिथेच जास्त घात होतो.

अपवाद एकच सांगतो: छोटं मशीन एकाच प्लगवर चालतं, दुसरी कुठलीच ऊर्जा नाही, प्लग काढलेला आहे आणि काम संपेपर्यंत तो तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच ताब्यात आहे. मग कुलपाशिवाय चालेल.

तीन गैरसमज आधीच दूर करतो.

लाल मशरूम बटण म्हणजे लोटो नव्हे. इमर्जन्सी स्टॉप फक्त कंट्रोल सर्किट तोडतो. पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) वरच्या बाजूला 415 व्होल्ट तसेच उभे असतात. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतील तर बटण दाबूनही मोटर थांबणार नाही. आणि ते बटण फिरवून सोडायला कुणालाही एक सेकंद लागतो.

गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारा स्विच) म्हणजे लोटो नव्हे. तो ऑपरेटरसाठी आहे, फिटरसाठी नाही.

लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं नव्हे. ही सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे. लाईट गेली, की "तेवढ्यात काढून घेऊ" म्हणत हात आत. महावितरणची लाईट कधी येणार हे तुमच्या हातात नाही, आणि ऑटो-स्टार्टचा जनरेटर असेल तर तो काही सेकंदांतच लोड घेतो.

## 1. आदल्या दिवशी: ऊर्जेची यादी

मशीनसमोर उभं राहून एका कागदावर लिहा: या मशीनला हलवू शकेल, भाजू शकेल किंवा झटका देऊ शकेल असं काय काय आहे, ते कुठून येतं, ते कुठे तोडायचं आणि तुटलं हे कसं कळणार. ऑफिसात बसून, मॅन्युअल बघून ही यादी करू नका. बसवल्यानंतर मशीनमध्ये बदल झालेले असतात आणि मॅन्युअलला ते ठाऊक नसतात.

प्रेसची यादी साधारण अशी निघते. मेन मोटरची वीज. कंट्रोलची वीज, जी कधी कधी वेगळ्या फीडरवरून आलेली असते. क्लच-ब्रेकची हवा. रॅम (वर-खाली होऊन ठोका मारणारा भाग) तोलून धरणाऱ्या काउंटरबॅलन्स सिलिंडरची हवा. याची टाकी बहुधा स्वतंत्र असते आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणून मेन लाईन सोडली तरी ही हवा सुटत नाही. डाय कुशनची (डायखालच्या आधाराची) हवा. फिरतं फ्लायव्हील, म्हणजे क्लच लागला की रॅमला ढकलणारं जड चाक. आणि रॅम आणि वरच्या डायचं स्वतःचं वजन, जे सगळेच विसरतात. वजनाला आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडायचा स्विच, नसतो.

हवेला लोक फार हलक्यात घेतात, म्हणून एक हिशेब देतो. 100 मिलिमीटर बोअरचा सिलिंडर, दाब 6 बार. पिस्टनचं क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर जवळपास 480 किलो. मनगट त्याच्यापुढे काहीच नाही.

मशीनवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर तेही यादीत. सप्लाय तोडल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये साधारण 580 व्होल्ट डीसी काही मिनिटं राहतात. किती थांबायचं ते त्याच्या कव्हरवर छापलेलं असतं. तो आकडा यादीत उतरवून घ्या. हायड्रॉलिक असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) आहे का ते बघा. पंप बंद असला तरी त्याच्यात दाब असतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर तोडण्याची एक ठरलेली जागा आहे का? 'मेन पॅनेल' एवढं लिहून भागणार नाही. 'पॅनेल क्रमांक 3, खालून दुसरा आयसोलेटर' असं हवं.

## 2. कुलपं आणि टॅग

प्रत्येक माणसाला स्वतःचं कुलूप, त्याची एकच किल्ली, आणि ती त्याच्या खिशात. मास्टर किल्ली नाही, दुसरी किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही. रंगीत किट घ्यायला पैसे नसतील तर साधं कुलूपही चालेल, पण त्याची किल्ली दुसऱ्या कुठल्या कुलपाला लागता कामा नये आणि ते गोदामाला किंवा लॉकरला वापरायचं नाही. लोटोचं कुलूप फक्त लोटोचं.

एका जागी अनेक माणसं काम करणार असतील तर हॅस्प (बऱ्याच भोकांची कडी) लावा, म्हणजे एकाच हँडलवर सगळ्यांची कुलपं बसतात. तोडण्याच्या जागाच खूप असतील तर त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत टाका आणि त्या पेटीला प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावा. एमसीबी आणि बॉल व्हॉल्व्हसाठी वेगळे क्लॅम्प मिळतात, ते आधीच आणून ठेवा. ऐन कामाच्या वेळी क्लॅम्प नाही म्हणून चिकटपट्टी गुंडाळली जाते.

जुन्या पॅनेलमध्ये फ्यूज काढून खिशात ठेवण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. स्टोअरमध्ये तसाच दुसरा फ्यूज असतो आणि "फ्यूज उडालाय वाटतं" म्हणत कुणीतरी तो बसवतो. फ्यूज काढाच, पण स्विचच्या दारालाही कुलूप लावा.

टॅगवर नाव, मोबाईल नंबर, काम, तारीख आणि वेळ. मराठीबरोबर हिंदीतही लिहा आणि हाताचं चित्र असू द्या, कारण शॉपमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत. टॅग म्हणजे फक्त निरोप. निरोपाने हँडल अडत नाही, म्हणून कुलपाशिवाय टॅग लावायचा नाही.

थांबा: ठेकेदाराची माणसं आली आहेत का? त्यांच्याकडे कुलपं नसतात. त्यांना तुमची द्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लावायला सांगा. "आमचं लागलंय, तुम्ही करा काम" हे चालणार नाही.

## 3. सांगा, मग थांबवा

ऑपरेटर, शेजारच्या मशीनवरचे, शिफ्ट सुपरवायझर, युटिलिटीचा माणूस यांना तोंडी सांगा: कुठलं मशीन, किती वेळ, कोण काम करतंय. मग मशीन रोजच्या पद्धतीने थांबवा. चालत्या लोडवर थेट आयसोलेटर खाली खेचू नका. ठिणगी तोंडावर उडते.

प्रेसवर इथे एक वेगळी खबरदारी आहे. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर प्रेसमध्ये ठोका शिल्लक आहे. लहान शॉपमध्ये की-क्लचच्या जुन्या प्रेस अजून चालतात. त्यांचं पेडल सळईने थेट क्लचला जोडलेलं असतं, त्याला विजेची गरजच नाही. मोटर बंद, पॅनेलला कुलूप, सगळं बरोबर. आणि फ्लायव्हील फिरत असताना कुणाचा पाय पेडलवर पडला तर रॅम पूर्ण फेरी मारून येतो.

तपासा: फ्लायव्हील डोळ्यांनी बघा. गार्डमधून कळत नसेल तर त्याच्या कडेवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ स्थिर दिसली की पुढची पायरी.

## 4. तोडा आणि कुलूप लावा

यादी हातात घ्या आणि ओळीने चला. आधी मोटर आणि कंट्रोलची वीज. हँडल पूर्ण 'ऑफ'वर आणा, हॅस्प अडकवा, कुलूप लावा, ओढून बघा, टॅग बांधा, यादीवर खूण करा. हँडल ओढताना पॅनेलच्या अगदी समोर उभे राहू नका, एका बाजूला राहा.

प्रेसमध्ये हवा आत्ता लगेच सोडू नका. काउंटरबॅलन्सची हवा गेली की रॅमचा आधार गेला. मग तो फक्त ब्रेकवर उभा, आणि ब्रेकचं लायनिंग किती झिजलंय हे बाहेरून दिसत नाही. म्हणून क्रम असा: वीज तोडून कुलूप, मग स्टार्ट बटण दाबून मशीन मेलंय याची खात्री, मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, आणि त्यानंतरच हवेचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप.

ब्लॉकबद्दल दोन गोष्टी. तो रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलण्यासाठी असतो, प्रेसचा ठोका पेलण्यासाठी नाही. फिरत्या फ्लायव्हीलवर ब्लॉक लावला आणि क्लच लागला तर ब्लॉक गोळीसारखा बाहेर फेकला जातो. दुसरं, लाकडाचा ओंडका किंवा भंगारातला पाइप म्हणजे ब्लॉक नव्हे. किती वजन पेलतो ते ज्याच्यावर लिहिलेलं आहे आणि जो बरोबर उंचीला बसतो, तोच वापरा.

## 5. साठलेलं सोडा

हवेची लाईन बंद झाली, आता उरलेली हवा बाहेर काढा: मेन लाईन, काउंटरबॅलन्सची टाकी, डाय कुशन, तिघांचे ड्रेन वेगवेगळे. प्रत्येकाचं गेज शून्यावर आलेलं बघा. गेजचा काटा अडकलेला असू शकतो, म्हणून ड्रेन उघडाच ठेवा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. व्हॉल्व्ह गळका असेल तर हवा पुन्हा भरते. ड्रेन बंद करून निघून गेलात तर ते कळणारही नाही.

व्हीएफडी असेल तर छापलेली मिनिटं घड्याळावर मोजा आणि मग इलेक्ट्रिशियनने डीसी टर्मिनलवर मीटर लावून बघायचं. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही.

हायड्रॉलिकमध्ये दाब सोडल्यानंतरही गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते. बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत हात नासत जातो. असं झालंच तर मलमपट्टी करून घरी पाठवू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

## 6. चालू करून बघा

लेख लिहायला बसलो तो या पायरीसाठी.

मी नोकरीला लागल्यानंतर काही वर्षांतली गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. दोन मिक्सर शेजारी शेजारी होते. आमच्या फिटरने मिक्सर दोनच्या आयसोलेटरला कुलूप लावलं, टॅग बांधला, किल्ली खिशात ठेवली. सगळं नियमाने. पण काही महिन्यांपूर्वी मिक्सरची जागा बदलताना केबल अदलाबदल झाली होती आणि पॅनेलवरची पाटी जुनीच राहिली होती. कुलूप लागलं ते मिक्सर एकला. पलीकडच्या माणसाने स्वच्छ मनाने एक नंबर चालू करायला बटण दाबलं, तो चालू होईना, म्हणून तो पॅनेलजवळ गेला आणि जो आयसोलेटर बिनकुलपाचा दिसला तो वर-खाली करून बघितला. दोन नंबर फिरला. पाव फेरी, जास्त नाही. फिटरचा उजवा हात कोपराच्या वर दोन ठिकाणी मोडला. तो आजही पाना डाव्या हाताने धरतो.

आत हात घालण्याआधी त्याने एकदा स्टार्ट बटण दाबलं असतं तर मिक्सर रिकामा फिरला असता आणि चूक तिथेच सापडली असती.

म्हणून कुलपं लागल्यावर, सगळ्यांना मशीनपासून लांब करून, खरोखर चालू करायचा प्रयत्न करा. मशीनवरचं स्टार्ट बटण. रिमोट पॅनेल असेल तर तिथलंही. प्रेसवर दोन्ही हातांची बटणं आणि पेडल. काहीच हललं नाही की सगळे सिलेक्टर परत 'ऑफ'वर आणा. हे विसरलात तर काम संपून वीज आली की मशीन आपोआप सुरू होऊ शकतं.

पॅनेलच्या आत किंवा मोटरच्या टर्मिनलवर हात लावायचा असेल तर बटण दाबून बघणं पुरत नाही, मोजावं लागतं. आणि ते परवानाधारक वायरमननेच करायचं. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर इथे वापरू नका. भर उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, आणि रबरी मॅटवर उभं असताना तो नीट लागतही नाही. चांगला मीटर घ्या आणि या क्रमाने चला:

आधी मीटर जिवंत सप्लायवर लावून तो दाखवतोय ना ते बघा. मग कामाच्या जागी मोजा: तीन फेज एकमेकांत, तीन फेज न्यूट्रलशी, तीन फेज अर्थशी, आणि न्यूट्रल-अर्थ. दहा रीडिंग. शेवटी मीटर परत जिवंत सप्लायवर लावा. मधल्या दहा मोजण्यांत लीड तुटली असेल तर सगळीकडे शून्यच दिसलं असेल, आणि ते फक्त या शेवटच्या तपासणीत कळतं.

थांबा: एक फेज किंवा न्यूट्रल-अर्थ थोडेफार व्होल्ट दाखवतंय? "रिटर्न असेल" म्हणून पुढे जाऊ नका. दुसऱ्या मशीनचा कंट्रोल, यूपीएस, छतावरचं सोलर, जनरेटर, कुठून तरी येतंय. सापडेपर्यंत काम सुरू नाही.

## 7. काम चालू असताना

इथे दोन ठिकाणी घोळ होतो.

ट्रायल. मध्येच "जरा इंच करून बघू", म्हणजे मशीन थोडंसं हलवून बघू, अशी वेळ येते. तेव्हा माणसं बाहेर, हत्यारं बाहेर, प्रत्येकाने आपापलं कुलूप काढायचं, वीज-हवा द्यायची, बघायचं. बघून झालं की पायरी 3 पासून पुन्हा सगळं, चालू करून बघण्यासकट. बहुतेक जण दुसऱ्या वेळी फक्त हँडल खाली करतात आणि कुलपं बाकावर पडून राहतात. ट्रायल दहा वेळा घ्यायची तर कुलपंही दहा वेळा लागतील. कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे ट्रायल कमी वेळा लागेल असं कामाचं नियोजन करणं.

शिफ्ट बदल. येणाऱ्याने आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्याने आपलं काढायचं. दोघं मशीनजवळ उभे राहून. मशीन एक मिनिटही बिनकुलपाचं राहता कामा नये. नवीन माणसाने चालू करून बघण्याची तपासणी स्वतः करायची. आधीच्याने केली होती हे पुरेसं नाही.

आणि माणूस कुलूप विसरून घरी गेला तर? कटर आणण्याआधी त्याला फोन लावा. लागला नाही तर गेटच्या रजिस्टरवर तो खरंच बाहेर पडलाय का बघा. मग मेंटेनन्सचा प्रमुख आणि त्या विभागाचा प्रमुख, दोघांनी मिळून मशीनच्या आत, खाली, मागे प्रत्यक्ष बघायचं, लिहून सही करायची, आणि मगच कुलूप कापायचं. दुसऱ्या दिवशी तो माणूस शॉपमध्ये शिरण्याआधी गेटवरच त्याला सांगायचं. त्याच्या डोक्यात मशीन अजून बंद आहे आणि तो थेट हात घालेल.

## 8. परत चालू करताना

हत्यारं मोजा. किती पाने आत गेले ते सुरुवातीलाच लिहिलेलं असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर डायमध्ये राहिलेला ॲलन की पहिल्या ठोक्याला सापडतो. गार्ड सगळे बसलेत का बघा, दोन बोल्टांवर लटकवलेला गार्ड बसवलेला धरू नका. माणसं मोजा, प्रत्येकाला नावाने हाक मारा आणि उत्तर घ्या.

मग उलट्या क्रमाने. ड्रेन बंद करा, हवेचं कुलूप काढून हवा द्या, काउंटरबॅलन्सचा दाब गेजवर पूर्ण येऊ द्या. रॅम हवेवर तोलला गेला की ब्लॉक काढा, आणि लगेच मोजा: जितके लावले तितके बाहेर आले का. मोटरचं कुलूप तोवर लागलेलंच राहील. ते सर्वांत शेवटी, ज्याचं त्याने स्वतः काढायचं. दुसऱ्याची किल्ली मागून घेऊन "मीच काढतो सगळ्यांची" असं नाही.

पहिले दोन-तीन ठोके रिकामे मारा, माणसं लांब ठेवून. मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देताना काय बदललं ते त्याला सांगा. आणि काम करताना यादीत जे चुकलेलं सापडलं, न लिहिलेला व्हॉल्व्ह, जुनी पाटी, वेगळ्या फीडरवरची वायर, ते त्याच दिवशी कागदावर दुरुस्त करा. पॅनेलवरची पाटीही त्याच दिवशी बदला, पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवू नका.